आडातली शिल्लक

जमिनीचा हिशेब ठेवण्यात आपल्या मुलखाइतका वाकबगार मुलूख विरळा. मलिक अंबराने निजामशाहीत बसविलेली प्रतवार आकारणी, शिवशाहीत अण्णाजी दत्तोंनी काठीने करविलेली मोजणी, पेशवाईतली कमाल जमाबंदी, आणि एकोणिसाव्या शतकाच्या चवथ्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अंमलदारांनी इंदापूर तालुक्यातून सुरू केलेली सर्व्हेची पद्धत, अशा एकावर एक चढलेल्या थरांतून आपले महसुली दप्तर सिद्ध झाले आहे. आणि म्हणूनच आजही कोणत्याही खेड्यातला कोणताही गट कोणाच्या कब्जात आहे, त्यावर बोजा कोणाचा, आणि गेल्या हंगामात त्यात बाजरी होती की मठ, हे सातबाराच्या एका उताऱ्यावरून सांगता येते. पाऊस हुकला तर पैसेवारी काढण्याची रीत आहे, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचे चक्र फिरू लागते. गुंठ्यागुंठ्याची खबर ठेवणाऱ्या या दप्तराने एका वस्तूचा हिशेब मात्र कधी ठेवला नाही. गाव नमुना बाराच्या रकान्यात जलसिंचनाचे साधन म्हणून ‘विहीर’ एवढी नोंद होते. त्या विहिरीत पाणी किती, शेजारच्या विहिरीतल्या पाण्याशी त्याचे नाते काय, आणि मार्गशीर्षात किती उपसले म्हणजे वैशाखात तळ दिसेल, हे विचारण्याची जागा त्या नमुन्यात नाही.

हवामानबदलावर लिहू घातलेल्या लेखाला ही महसुली प्रस्तावना कशासाठी, असे वाचकाला वाटेल. त्याचे कारण असे की, या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांना असते. एका टोकाला वितळणारी हिमशिखरे, बुडणारी बेटे आणि प्रलयाची भाषा असते, जी ऐकून सामान्य माणूस ‘आभाळच फाटले तर ठिगळ कोठे कोठे लावायचे’ असे म्हणून आपल्या कामाला लागतो. दुसऱ्या टोकाला कापडी पिशवी वापरा, दात घासताना नळ बंद ठेवा अशा सूचना असतात, ज्या पाळणाऱ्याला पुण्य लाभत असेल, परंतु त्या पुण्याने आभाळाचा कोणता भाग सांधला गेला हे त्याला कोणी सांगत नाही. भीती आणि व्रत यांच्या मधला जो प्रांत आहे, जेथे चार माणसे एकत्र बसून आपल्या सामाईक मालमत्तेचा जमाखर्च मांडतात आणि मग कोणी किती घ्यायचे यावर भांडूनतंडून एका निर्णयाला येतात, तो प्रांत या बोलण्यात येतच नाही. माझ्या मते आशेला काही आधार असेल तर तो त्याच प्रांतात आहे, आणि सुदैवाने महाराष्ट्रात त्याचे नमुने पाहावयास मिळतात.

प्रथम खडकाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पाण्याच्या सगळ्या तंट्याचे मूळ तेथे आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाप्रमाणे हा खडक पाणी पोटात साठवीत नाही. ते राहते वरच्या मुरमात, थरांमधल्या सांध्यांत आणि उभ्या-आडव्या भेगांत. त्यामुळे साठा तुटपुंजा, आणि तो एका शेताच्या हद्दीत मावणारा नव्हे. माझ्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की ज्या भेगेतून पाणी येते ती भेग तुमच्या बांधाखालूनही गेलेली असते. कायद्याने मात्र १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमापासून जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याची जवळजवळ मुक्त मुभा दिलेली आहे. २००९ साली राज्याने भूजलासाठी स्वतंत्र अधिनियम केला खरा, परंतु शिवारातला व्यवहार अजून जुन्याच समजुतीने चालतो. मोट होती तोवर बैलांच्या दमाने उपशाला मर्यादा घातली होती. पुढे वीज आली, विजेवरचे पंप आले, १९७२ च्या दुष्काळानंतर पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून आलेली कूपनलिका पाहता पाहता उसाच्या बांधावर जाऊन बसली, आणि ती मर्यादा नाहीशी झाली.

आता एक हिशेब करून पाहू. तो कोणत्याही तालुक्याच्या शाळेत पाचवीच्या मुलांना घालता येईल इतका सोपा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी दहा हजार लिटर होते. हजार हेक्टरांचे आणि सव्वा हजार वस्तीचे एक गाव धरा. अवर्षणप्रवण पट्ट्यातला वर्षाचा ४०० मिलिमीटर पाऊस धरा. त्या शिवारावर वर्षभरात ४०० कोटी लिटर पाणी पडते. आकडा ऐकून श्रीमंत झाल्यासारखे वाटते. परंतु त्यातले पुष्कळसे ऊन घेऊन जाते, काही पिके आणि गवत पितात, काही ओढ्याने निघून जाते, आणि या पाषाणात मुरणारा भाग दहावा हिस्सा धरला तर विहिरींच्या खात्यावर जमा होतात ४० कोटी. माणशी रोज ५५ लिटर या सरकारी मानाने सव्वा हजार माणसांना वर्षाला अडीच कोटी लिटर लागतात. म्हणजे पिण्यावापरण्याचे पाणी हे खरे पाहता किरकोळ खर्चाचे कलम आहे. एक हेक्टर ऊस पाटाने भिजविला तर वर्षाला दोन कोटी लिटरांहून अधिक पितो. पावसाचा वाटा वजा केला तरी दीड कोटीच्या वर विहिरीतून काढावे लागते. तेव्हा शिवाराचा चाळिसावा हिस्सा, अवघे २५ हेक्टर, उसाखाली गेले की मुरलेले सारे पाणी तेथेच संपले, आणि गावाच्या हंड्यासाठी टँकर मागविण्याची वेळ आली. यातले काही पाणी पुन्हा झिरपते, प्रत्येक गावाचा खडक निराळा असतो, हे सर्व मान्य करूनही हिशेबाचा रोख बदलत नाही. नळ बंद ठेवा म्हणून गृहिणीला केलेला उपदेश कोणत्या कलमाला लागू पडतो आणि कोणत्या कलमाला पडत नाही, हे या एका त्रैराशिकाने उघड होते.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार या गावाने ही गोष्ट ओळखली. १९८९ साली पोपटराव पवार हे एम. कॉम. झालेले आणि क्रिकेटच्या मैदानात रमणारे तरुण तेथे सरपंच झाले, तेव्हा ते गाव दुष्काळ, दारू आणि स्थलांतर यांसाठी प्रसिद्ध होते. पुढची कथा एवढ्या वेळा सांगितली गेली आहे की तिचे आता कीर्तन झाले आहे: डोंगरउतारावर समतल चर खणले, नाले अडविले, पाझर तलाव बांधले, रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेचा पैसा वापरला, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, गवत वाढले, दूध वाढले, गेलेली कुटुंबे परतली. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. हे सर्व यथार्थ आहे. परंतु कीर्तनात ज्याला फारसे स्थान मिळत नाही तो भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाणी आल्यानंतर या गावाने शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली, ऊस आणि केळी यांसारखी पिके वर्ज्य ठरविली, आणि दरसाल पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा सुरू केली. गावातल्या पर्जन्यमापकांवर किती पाऊस नोंदला गेला, ठरावीक विहिरींत पातळी कोठवर आली, यांवरून जमेची बाजू मांडायची. मग माणसे, गुरे, घरगुती वापर हे खर्च प्रथम वजा करायचे. उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचे आणि उन्हाळी पीक घ्यायचे की नाही हे ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी झालेल्या वर्षी कांदा कमी होतो, ज्वारी-हरभऱ्यावर भागवावे लागते. विहीर माझी, मोटार माझी, विजेचे बिल मी भरतो, मग मला सांगणारे तुम्ही कोण, हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो. हिवरे बाजारने त्याचे उत्तर शोधले, ते पाणी सापडण्यापेक्षा दुर्मिळ.

दुर्मिळ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. खोदण्याच्या कामाला आपण कधी मागे हटलो नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये, सरकारने फावल्या वेळी लष्कर आणि पोलीस कामास लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेताशेतातून मुरत जाईल, अशी सूचना करून ठेवली होती. १९७२ नंतर रोजगार हमीच्या कामांवर लक्षावधी स्त्री-पुरुषांनी पाझर तलावांची माती वाहिली. अलीकडे २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी शहरांतून माणसे श्रमदानाला लोटली आणि चरांच्या ओळींनी डोंगर रेखाटले गेले. परंतु पाणी अडले, विहिरी भरल्या, आणि दुसऱ्याच वर्षी त्या पाण्याच्या भरवशावर नवी डाळिंबाची बाग आणि नवा ऊस उभा राहिला, असे अनेक ठिकाणी घडले. प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली शेततळी हा याचा सर्वांत बोलका नमुना. नाव पावसाचे पाणी साठविण्याचे, आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी उपसून त्या तळ्यात भरून ठेवण्याचा उद्योग चालतो, म्हणजे जे पाणी सर्वांच्या भेगेत होते ते एकाच्या खासगी मालकीत जाते आणि वर उन्हात वाफ होऊन उडते ते निराळेच. खोदण्याला घाम लागतो. वाटण्याला त्याहून दुर्मिळ असे काही लागते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे सगळ्यांना पाठ असते. पण आडात किती आहे आणि कोणाच्या पोहऱ्याची पाळी आहे, हे ठरविण्याला पंचायत बसवावी लागते.

तशी पंचायत बसविणारा एक असामान्य माणूस पुण्याने पाहिला आहे. विलासराव साळुंखे हे व्यवसायाने अभियंता आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात हिंडले, आणि खडी फोडत बसलेली, एरवी शेतकरी म्हणून ओळखली जाणारी माणसे पाहून अस्वस्थ झाले. नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली, तेथे बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव आणि त्याखाली विहीर घेतली, आणि पाणी वर चढवून काही वर्षांत त्या माळावर पिके उभी केली. येथवर ती एका हुशार अभियंत्याची यशोगाथा झाली असती. परंतु शेजारची गावे जेव्हा ‘आम्हालाही असे करून द्या’ म्हणून आली, तेव्हा साळुंख्यांनी जी कलमे पुढे ठेवली, त्यांमध्ये त्यांची खरी प्रतिभा दिसते. पाणी जमिनीच्या मानाने न देता माणसांच्या मानाने द्यावयाचे: माणशी अर्धा एकर, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांपलीकडे नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस वर्ज्य. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा, म्हणजे ती दुसऱ्याची खैरात राहणार नाही. ज्या समाजात पाण्याचा हक्क सातबाराला चिकटलेला, त्या समाजात ‘पाणी जमिनीचे नव्हे, माणसाचे’ असे म्हणणे हे जवळजवळ बंड होते, आणि ते बंड कोणत्याही घोषणेवाचून, सहकारी करारनाम्याच्या रुक्ष भाषेत लिहिले गेले. पाणी पंचायतीच्या सगळ्याच योजना टिकल्या नाहीत. कोठे विजेने दगा दिला, कोठे भाऊबंदकीने, आणि कोठे कालव्याचे किंवा उसाचे पैसे समोर दिसू लागल्यावर माणशी अर्ध्या एकराची मर्यादा माणसांना जाचू लागली. साळुंखे २००२ साली निवर्तले. तरीही भूमिहीनाला पाण्याचा हक्कदार मानणारे ते कलम लिहिले गेले, काही गावांनी ते वर्षानुवर्षे पाळले, आणि त्यामुळे ते अशक्य होते असे आता कोणाला म्हणता येत नाही.

याहून जुना दाखला पांझरा, मोसम आणि आरम या खानदेश-नाशिककडच्या नद्यांवर आहे. तेथे तीनचार शतकांपासून फड पद्धती चालत आलेली आहे. नदीला घातलेल्या दगडी बंधाऱ्यातून पाट निघतो. त्याखालचे क्षेत्र तीन किंवा चार फडांत वाटलेले असते, आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, ते दरवर्षी फिरते ठेवायचे, असा दंडक. पाणी सोडणारा पाटकरी, राखणीचा जागल्या, देखरेखीचा हवालदार आणि पाळीने पाणी देणारा बारेकरी हे गावाने नेमलेले, गावाने पोसलेले नोकर. ज्या वर्षी नदी आटते त्या वर्षी एखाद्या फडाला पाणी मिळत नाही. परंतु प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तोटा एकट्याच्या डोक्यावर पडत नाही. तूट वाटून घेण्याची तजवीज आधीच करून ठेवण्यात जे शहाणपण आहे, ते मला आधुनिक विमायोजनांतही क्वचित आढळते.

ही सगळी गावकी आजच्या हवामानाशी कशी जुळते, ते आता सांगता येईल. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ती अधिक काळ कोरडी राहते आणि मग एकदम रिती होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० पासूनच्या साडेसहा दशकांत मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात तेथला एकंदर मोसमी पाऊस घटला. याचा शिवारातला अर्थ असा की, ‘आमच्याकडे सरासरी ४०० पडतो’ हे वाक्य आता उपयोगाचे राहिले नाही. ते ४०० कदाचित चार रात्रींत पडतील आणि ओढ्याने निघून जातील. सरासरीच्या भरवशावर शेती करणारे गाव फसेल. दरसाल नव्याने शिल्लक मोजून पीक ठरविणारे गाव निदान डोळे उघडे ठेवून नुकसान सोसेल. प्रलयाच्या आणि पिशवीच्या भाषेत ज्याला कोठेच स्थान नाही असा हा उपाय, हवामानाशी जुळवून घेण्याचा म्हणून जे काही शास्त्रज्ञ सांगतात त्याचा गाभा आहे.

आणि हवा तरी काय, तीही एक सामाईक विहीरच आहे, फक्त तिच्यात उपसा न होता भर पडत जाते. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर अखंड नोंद सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर आहेत. ही नोंद म्हणजे मानवजातीने ठेवलेली पहिली प्रामाणिक खतावणी. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची निम्मी तरी शक्यता हवी असेल तर २०२० च्या प्रारंभापासून पुढे एकंदर ५०० अब्ज टन कर्बवायूच सोडता येईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञमंडळाने २०२१ साली सांगितले. जग वर्षाला सुमारे ४० अब्ज टन सोडते. वजाबाकी वाचकाने स्वतः करावी. नंतरच्या अंदाजांनी तर शिल्लक आणखी खाली आणली आहे. २०२४ हे एक वर्ष दीड अंशाची रेषा ओलांडूनही गेले.

येथे साळुंख्यांचा प्रश्न जागतिक होतो. उरलेली शिल्लक कोणत्या मानाने वाटायची, जमिनीच्या की माणसांच्या? दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रातून अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली नेमका हाच प्रश्न श्रीमंत राष्ट्रांपुढे टाकला होता: हवेत प्रत्येक माणसाचा वाटा सारखा का नसावा? अमेरिकेतला माणूस वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू सोडतो, भारतातला सुमारे दोन. माणशी अर्ध्या एकराचे तत्त्व लावले तर उत्तर स्पष्ट आहे, आणि म्हणूनच ते कोणत्याही परिषदेत मान्य होत नाही. तथापि तूट वाटून घेणे राष्ट्रांना जमतच नाही असेही म्हणता येणार नाही. ओझोनच्या आवरणाला छिद्र पाडणाऱ्या वायूंवर १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला, गरीब देशांना जास्त मुदत दिली गेली, पुढे त्यांच्यासाठी निधी उभारला गेला, आणि ते आवरण आज हळूहळू भरून येत आहे. त्या वायूंना पर्याय स्वस्तात मिळाले, हे त्या यशाचे एक कारण, हे खरे. पण मुदत आणि निधी ही दोन कलमे नसती तर पर्याय असूनही करार बुडाला असता.

माणसांच्या मानाने वाटायचे म्हटले की, ते माप फक्त अमेरिकेकडे रोखून भागत नाही, हे मात्र आपल्याकडचे वक्ते सोयीस्कर विसरतात. दोन टन ही भारताची सरासरी; आणि सरासरीच्या आड कोण लपते, हे उसाच्या हिशेबात आपण पाहिलेच. घरात दर महिन्याला येणारे विजेचे बिल हा आपल्या हाती पडणारा हवेचा सातबारा समजावा. आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग अजून कोळशाचा असल्याने एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणजे १०० युनिटांच्या बिलावर ७० किलो. साठ वॅटचा जुना दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी लावला, आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला ९० युनिटांच्या वर वाचतात. २०१५ पासूनच्या उजाला योजनेत असे ३६ कोटींहून अधिक दिवे देशात वाटले गेले, आणि कोणाला त्याग केल्यासारखे वाटलेसुद्धा नाही. परंतु दीड टनी वातानुकूलन यंत्र रात्रभर चालले तर त्या दिव्याची वर्षाची बचत दहा रात्रींत खाऊन टाकते. यावरून यंत्र लावूच नये असे मी म्हणणार नाही. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली झोपणाऱ्याला तसे सांगणे निर्दयपणाचे होईल. बिलावरचे कोणते कलम उसाचे आणि कोणते हंड्याचे, एवढे ओळखता आले तर पुष्कळ झाले.

आणि जुन्या काटकसरीचे गोडवे गाणाऱ्यांपासूनही थोडे सावध राहावे. आजीची गोधडी, बोहारणीला दिलेले कपडे, राखेने घासलेली भांडी हे सर्व खरे. पण त्याच आजीचे डोळे चुलीच्या धुराने गेलेले असत, आणि पाण्याचा हंडा तिच्याच डोक्यावर असे. त्या काटकसरीची किंमत कोण मोजत होते, हे पाहिल्यावाचून तिला शाश्वत जीवनशैली म्हणून मिरवू नये.

उन्हाची वीज गेल्या दशकात विलक्षण स्वस्त झाली, आणि २०२५ साली भारताच्या एकूण वीजनिर्मितीक्षमतेचा निम्मा हिस्सा कोळसा-वायूवाचूनच्या साधनांचा झाला. क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर आहे, सूर्य मावळतो, कोळसा मावळत नाही. तरीही वीस वर्षांपूर्वी ज्याला कोणी स्वप्नरंजन म्हटले असते ते घडले. पण हे सगळे काम पुन्हा खोदण्याच्या जातीचे आहे. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रावर आणि भोवतालच्या खाणींवर ज्यांची चूल चालते त्यांनी उद्या काय करावे, पट्ट्यांसाठी कोणाचे गायरान जावे, हे वाटण्याच्या जातीचे प्रश्न आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणता पाटकरी नेमायचा हे अद्याप ठरलेले नाही.

शिवारात तर या दोन कामांची गाठ आताच पडू लागली आहे. सौर कृषिपंप आणि दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्या यांमुळे शेतकऱ्याची रात्रीची पाळी चुकते. काळोखात विंचूकाट्याच्या भीतीने बारे धरणारा माणूस दिवसाढवळ्या पाणी देतो, आणि ही साधी गोष्ट नव्हे. कर्बवायूच्या खात्यावर तो शुद्ध लाभ. पण उन्हाला बिल नसते. मोटार सकाळी सुरू झाली की सूर्य मावळेपर्यंत ती बंद करण्याचे काही कारण उरत नाही, आणि मोटेच्या बैलांनी, मग भारनियमनाने, उपशाला जी आडकाठी घातली होती ती शेवटची आडकाठीही निघून जाते. हवेचे खाते सुधारताना पाण्याचे खाते बुडू नये असे वाटत असेल, तर प्रत्येक सौरपंपामागे एका विहिरीची मोजणी गावाने आपल्या दप्तरी धरली पाहिजे. जमेची बाजू मांडायला पावसाची नोंदही हवी. महसूल मंडळासाठी बसविलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राचे आकडे मिळतात, परंतु या पट्ट्यातला पाऊस एका बैलाचे शिंग भिजवितो आणि दुसऱ्याचे कोरडे ठेवतो. तेव्हा गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक हवा. त्याला यंत्राची मातब्बरी नाही. नरसाळे, बाटली आणि मापपात्र एवढ्यावर काम भागते, ते मोकळ्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवायचे, आणि हवामान खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचायचे. बहुतेक ठिकाणी हे काम शाळेच्या मुलांकडे सोपविले जाते, आणि मुले ते आनंदाने करतात. फक्त या भागात मोठा पाऊस येतो तो भाद्रपदात, आणि भाद्रपदात शाळेला गणपतीची सुटी असते. त्या दिवसांची नोंद कोणी घ्यायची, हे ग्रामसभेने ज्येष्ठातच ठरवून वहीत नाव घातलेले बरे.